भारतीय रेल्वेवरील डिझेल आणि विद्युत इंजिने

वाफेच्या इंजिनांचे युग ओसरू लागल्यावर भारतीय रेल्वेच्या गाड्या ओढण्याचे काम डिझेल आणि विद्युत अशा दोन प्रकारच्या इंजिनांकडे आले. रेल्वेच्या आधुनिकीकरणासाठी या दोहोंपैकी कोणाला प्राधान्य द्यावे, हा प्रश्न १९५० च्या दशकापासून २०१८ पर्यंत निरनिराळ्या स्वरूपात चर्चेत राहिला. २०१८ साली केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने उर्वरित सर्व ब्रॉडगेज मार्गांच्या विद्युतीकरणास मंजुरी दिली आणि धोरणापुरता हा वाद संपला. मात्र त्यामागील तांत्रिक व आर्थिक प्रश्न अनेकदा चुकीच्या पद्धतीने मांडला जातो. 'कोणते इंजिन अधिक चांगले' या प्रश्नाचे उत्तर फारसे वादग्रस्त नाही; यंत्र म्हणून विद्युत इंजिन जवळजवळ सर्वच बाबतींत सरस आहे. खरा प्रश्न, त्या इंजिनासाठी मार्गभर तार टांगण्याचा खर्च त्या मार्गावरील वाहतूक भरून काढते का, हा आहे.

रचना

मराठीत 'इंजिन' हा शब्द गाडी ओढणाऱ्या वाहनालाही वापरतात आणि त्याच्या आतील यंत्रालाही. या लेखात 'इंजिन' म्हणजे गाडी ओढणारे वाहन. डिझेल इंजिनाच्या पोटातील तेल जाळणाऱ्या भागास 'डिझेल यंत्र' म्हटले आहे.

भारतातील मुख्य मार्गांवरची डिझेल इंजिने ही वास्तविक डिझेल-विद्युत इंजिने आहेत. त्यांतील डिझेल यंत्र चाके थेट फिरवीत नाही. ते जनित्र फिरवते, जनित्रातून वीज निर्माण होते आणि ती वीज आसांवर बसविलेल्या मोटारींना पुरवली जाते. चाके फिरवण्याचे काम दोन्ही प्रकारांत विद्युत मोटारीच करतात. फरक आहे तो वीज कोठून येते याचा. डिझेल इंजिन आपले वीजघर आणि काही हजार लिटर इंधन बरोबर घेऊन धावते, तर विद्युत इंजिन छपरावरील पेंटोग्राफच्या साहाय्याने डोक्यावरील तारेतून वीज घेते. २५ किलोव्होल्टची ही वीज इंजिनातील रोहित्रातून खालच्या दाबाची करून मोटारींना योग्य अशा स्वरूपात पुरवली जाते.

या एका फरकातून बाकीचे बहुतेक फरक उद्भवतात. वाराणसीच्या कारखान्यात दीर्घकाळ तयार झालेले डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन सुमारे ११३ टन वजनाचे आणि २,६०० अश्वशक्तीचे होते. त्यानंतरच्या पिढीतील डब्ल्यूडीजी-४ हे मालगाडीचे डिझेल इंजिन सुमारे १२६ टनांचे आणि ४,००० अश्वशक्तीचे आहे. याउलट डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचे विद्युत इंजिन १२३ टन वजनात ६,१२० अश्वशक्ती देते, आणि प्रवासी गाड्यांचे डब्ल्यूएपी-७ तेवढ्याच वजनात ६,३५०. डिझेल यंत्र, त्याची शीतन व्यवस्था आणि इंधनाची टाकी यांनी व्यापलेली जागा व वजन विद्युत इंजिनात रोहित्र आणि नियंत्रण उपकरणांसाठी मोकळे मिळते.

देखभालीतही हाच भेद दिसतो. डिझेल यंत्रात सिलिंडर, दट्टे, झडपा, टर्बोचार्जर, वंगण व पाण्याचे पंप अशा झिजणाऱ्या भागांची मोठी संख्या असते. विद्युत इंजिनात फिरणारे भाग कमी असल्याने ते शेडमध्ये कमी वेळ अडकते.

ओढ, वेग आणि चढ

गाडी जागेवरून हलवताना लागणारी ओढ मुख्यतः इंजिनाचे वजन आणि चाक व रूळ यांमधील पकड यांवर ठरते. त्यामुळे सुरुवातीच्या ओढीत डब्ल्यूडीजी-४ हे डब्ल्यूएजी-९ पेक्षा मागे नाही. डिझेल इंजिन 'दुबळे' असते, ही समजूत त्या अर्थाने बरोबर नाही. अंतर पडते ते वेग वाढू लागल्यावर, कारण ओढ म्हणजे शक्ती भागिले वेग. ताशी ६० किलोमीटर वेगाला ४,००० अश्वशक्तीतून, यंत्रातील घट सोडून, सुमारे १८ टनांची ओढ मिळते. ६,१२० अश्वशक्तीतून सुमारे २८ टनांची. प्रत्यक्षातील अंतर याहूनही थोडे अधिक असते, कारण ४,००० हा आकडा डिझेल यंत्राचा आहे आणि चाकांपर्यंत पोहोचताना त्यातील काही भाग खर्ची पडतो.

गजबजलेल्या मार्गावर या फरकाला मोठे महत्त्व आहे. मालगाडी चढावर ताशी २५ किलोमीटरने रांगली, तर तिच्यामागील प्रत्येक गाडी खोळंबते. तीच गाडी ५० ने चढली तर त्याच रुळांवरून दिवसाकाठी अधिक गाड्या सोडता येतात. नवीन लोहमार्ग न टाकता मार्गाची क्षमता वाढवण्याचा हा एक उपाय ठरतो, आणि इंधनाच्या बचतीच्या चर्चेत तो बहुधा दुर्लक्षित राहतो.

चढाचे गणित सह्याद्रीच्या घाटांत सर्वांत स्पष्ट दिसते. भोर घाट आणि थळ घाट या दोन्ही ठिकाणी लोहमार्गाचा तीव्रतम चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर अंतर कापताना मार्ग १ मीटर उंच होतो. अशा चढावर हजार टनांच्या गाडीला केवळ गुरुत्वाकर्षण सुमारे २७ टन बलाने मागे खेचते. म्हणूनच कर्जत ते लोणावळा आणि कसारा ते इगतपुरी या टप्प्यांत गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने, अर्थात 'बँकर', लावण्याची प्रथा पडली.

उतारावर विद्युत इंजिनाचा आणखी एक फायदा दिसतो. दोन्ही प्रकारच्या इंजिनांत उतरताना मोटारींनाच जनित्र बनवून गाडीचा वेग रोखता येतो. डिझेल इंजिनात अशा रीतीने निर्माण झालेली वीज रोधकांत उष्णतेच्या रूपाने वाया घालवावी लागते, कारण तिला जाण्यास दुसरी वाट नसते. डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ यांसारखी त्रिकला मोटारींची इंजिने ती वीज तारेत परत सोडतात आणि जवळपासची दुसरी गाडी ती वापरू शकते.

प्रारंभीचा इतिहास

भारतातील पहिली विद्युत गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर बॉम्बे व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली. तिच्यासाठी १,५०० व्होल्ट दाबाचा दिष्ट प्रवाह वापरला होता. उपनगरी वाहतुकीपाठोपाठ घाटांची पाळी आली. १९२९-३० पर्यंत कल्याणहून पुणे आणि इगतपुरी या दोन्ही दिशांना तारा पोहोचल्या. या विजेसाठी रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्ली येथे स्वतःचे औष्णिक वीजगृह उभारले होते. घाटातील मालगाड्यांसाठी आणलेली, स्विस 'क्रोकोडाइल' धर्तीची सांधेदार इंजिने रेल्वे कर्मचाऱ्यांत 'खेकडा' या नावाने ओळखली जात. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन ही गाडी या विद्युतीकरणाचे सर्वांत प्रसिद्ध फलित होय.

हे विद्युतीकरण कोणत्याही राष्ट्रीय धोरणाचा भाग नव्हते. जेथे वाफेचे इंजिन कमी पडत होते, म्हणजे दाट उपनगरी वाहतूक आणि खडे घाट, तेथेच तार टांगली गेली. हेच तत्त्व पुढे अनेक दशके टिकले.

१,५०० व्होल्ट पद्धतीची मर्यादा तिच्या कमी दाबात होती. सुमारे ४.५ मेगावॅट, म्हणजे ६,००० अश्वशक्ती, वापरणाऱ्या इंजिनाला या दाबाने ३,००० अँपिअर प्रवाह लागतो. तोच २५,००० व्होल्ट दाबाने १८० अँपिअरवर येतो. प्रवाह जितका मोठा तितकी तार जाड आणि उपकेंद्रे जवळजवळ लागतात. दिष्ट प्रवाहाच्या पद्धतीत काही किलोमीटरवर एक उपकेंद्र लागते, तर २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पद्धतीत सुमारे ५० किलोमीटरवर एक पुरते. फ्रेंच रेल्वेच्या अनुभवाचा आधार घेऊन भारताने १९५७ साली २५ किलोव्होल्ट पद्धत स्वीकारली आणि डिसेंबर १९५९ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वेच्या राजखरसावां भागातील खनिज वाहतुकीच्या मार्गावर तिचा प्रथम वापर झाला. चित्तरंजन येथील कारखान्यात तयार झालेले पहिले विद्युत इंजिन मात्र मुंबईच्या १,५०० व्होल्ट पद्धतीचेच होते. १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते रवाना झालेल्या या इंजिनास 'लोकमान्य' हे नाव देण्यात आले.

मुंबईला आपल्या या आद्यत्वाची किंमत बराच काळ मोजावी लागली. उर्वरित देश २५ किलोव्होल्टवर गेला असताना मुंबईत जुनी पद्धत राहिल्याने दोन्ही दाबांवर चालणारी खास इंजिने बनवावी लागली. पश्चिम रेल्वेवरील रूपांतर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावरील २०१६ मध्ये पूर्ण झाले.

डिझेलचा काळ

वाफेची इंजिने काढून टाकण्याचे बहुतांश काम प्रत्यक्षात डिझेलने केले. १९५७ पासून अमेरिकेतील अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-१ इंजिने आली. १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ आले आणि १९६४ च्या जानेवारीत त्याचे उत्पादन वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये सुरू झाले. या एका प्रकाराची २,७०० हून अधिक इंजिने तयार झाली. १९६९ साली हावडा ते नवी दिल्ली धावलेली पहिली राजधानी एक्सप्रेस डिझेल इंजिनानेच ओढली होती.

डिझेलच्या या यशाची कारणे यंत्रात कमी आणि परिस्थितीत अधिक शोधावी लागतात. १९७३ पर्यंत खनिज तेल स्वस्त होते. देशात विजेचा तुटवडा होता. मुख्य म्हणजे डिझेल इंजिनासाठी मार्गावर काहीच उभारावे लागत नाही. इंजिन कारखान्यातून निघाले की ते देशातील कोणत्याही ब्रॉडगेज मार्गावर दुसऱ्या दिवशी कामाला लावता येते, आणि वाहतूक दुसरीकडे वळली की तेही तिकडे वळवता येते. भांडवल अपुरे आणि मार्ग हजारो किलोमीटर, अशा स्थितीत हा गुण फार मोलाचा होता. डिझेलची निवड ही चूक होती, असे आजच्या दृष्टीने म्हणणे त्या काळावर अन्याय करणारे ठरेल. १९७३ च्या तेलसंकटानंतर हे गणित बदलले आणि विद्युतीकरणाला गती मिळू लागली. ब्रॉडगेजवरील वाफेची शेवटची इंजिने १९९५ मध्ये निवृत्त झाली.

तारेचा खर्च आणि वाहतुकीची घनता

विद्युतीकरणातील मोठा खर्च एकदाच आणि आरंभीच करावा लागतो: खांब, तारा, उपकेंद्रे, सिग्नल व दूरसंचार यंत्रणेतील बदल, आणि जेथे उंची अपुरी आहे तेथे पूल किंवा बोगद्यांतील कामे. दिवसाला चार गाड्या जावोत वा चाळीस, हा खर्च जवळजवळ तेवढाच असतो. डिझेलचा खर्च गाड्यांच्या प्रमाणात वाढतो. दर गाडीमागे होणारी ऊर्जेची व देखभालीची बचत गाड्यांच्या संख्येने गुणली की तारेवरील व्याज व घसारा भरून निघतो की नाही, हे कळते. प्रत्येक मार्गासाठी अशी एक सीमा असते. तिच्या वर विद्युतीकरण परवडते, खाली परवडत नाही.

यामुळे एका वारंवार उद्धृत होणाऱ्या आकड्याकडे सावधपणे पाहावे लागते. २०१० च्या दशकातील रेल्वे मंत्रालयाच्या माहितीनुसार विद्युत इंजिने सुमारे ६५ टक्के मालवाहतूक ओढत असताना कर्षणासाठीच्या ऊर्जेच्या एकूण खर्चातील त्यांचा वाटा सुमारे ३७ टक्केच होता. हा आकडा विद्युत कर्षणाच्या बाजूने बोलतो हे खरे. परंतु तारा आधीच सर्वांत गजबजलेल्या, लांब व जड गाड्यांच्या मार्गांवर होत्या आणि शाखामार्ग, यार्डांतील शंटिंग व तुरळक वाहतूक यांचा भार डिझेलवर होता. म्हणजे ही तुलना दोन इंजिनांची नसून काही अंशी दोन प्रकारच्या मार्गांचीच होती.

अमेरिकेतील खासगी मालवाहू रेल्वे कंपन्या आजही बहुतांश डिझेलवर चालतात, तर स्वित्झर्लंडचे जाळे जवळपास पूर्णपणे विद्युतीकृत आहे. स्वित्झर्लंडकडे कोळसा नव्हता, पण जलविद्युत होती. अमेरिकेत तारेचा खर्च ज्या कंपनीने करायचा, तिला तो स्वतःच्याच ताळेबंदात बसवावा लागतो.

तार जेथे संपते

घनतेच्या तत्त्वाने मार्ग निवडत गेले की जाळ्यात विद्युत आणि डिझेल भागांचे ठिगळ तयार होते, आणि या ठिगळाचा स्वतंत्र खर्च असतो. तार जेथे संपते त्या स्थानकावर इंजिन बदलावे लागते. एक इंजिन सोडणे, दुसरे जोडणे, ब्रेकची तपासणी करणे यांत गाडीची बरीच मिनिटे जातात आणि फलाट अडून राहतो. दोन प्रकारची इंजिने, दोन प्रकारच्या शेड, दोन प्रकारचे प्रशिक्षण घेतलेले लोको पायलट आणि दोन प्रकारचे सुटे भाग सांभाळावे लागतात. इंजिन बदल टाळायचा तर गाडी सुरुवातीपासूनच डिझेलवर चालवावी लागते. म्हणजे डोक्यावर तार असताना खाली तेल जळत राहते.

महाराष्ट्रात हा प्रकार कोकण रेल्वेवर अनेक वर्षे दिसत होता. मुंबईहून सुटणाऱ्या अनेक कोकणगाड्या मुंबईच्या विद्युतीकृत मार्गावरूनही डिझेल इंजिनानेच जात, कारण पुढे रोह्यापासून तार नव्हती.

संपूर्ण विद्युतीकरणाच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच आहे. तुरळक वाहतुकीच्या शेवटच्या शाखामार्गावरील तार त्या मार्गाच्या उत्पन्नातून वसूल होणार नाही; पण ती टांगल्याने संपूर्ण जाळ्यावरील इंजिन बदल आणि दुहेरी व्यवस्था संपते. ही बचत त्या मार्गाच्या हिशेबात दिसत नाही, जाळ्याच्या हिशेबात दिसते.

कोकण रेल्वे

रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णतः वाहतुकीस खुला झाला. त्यावर ९१ बोगदे आहेत. त्यांतील रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा ६.५ किलोमीटर लांब आहे. लांब बोगद्यांत डिझेल इंजिनाचा धूर साठत असल्याने वायुवीजनाची सोय करावी लागते.

या मार्गाच्या विद्युतीकरणाचा आरंभ २०१५ मध्ये झाला आणि काम २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्यावर सुमारे १,२८० कोटी रुपये खर्च झाले आणि इंधनखर्चात वर्षाला १५० कोटींहून अधिक बचत होईल, असे सांगण्यात आले. या दोन आकड्यांवरून केवळ इंधनातील बचतीने खर्च वसूल होण्यास आठ ते नऊ वर्षे लागतात, असे दिसते. किलोमीटरमागील सुमारे पावणेदोन कोटींचा हा खर्च देशातील उर्वरित मार्गांसाठी २०१८ मध्ये धरलेल्या सुमारे नव्वद लाखांच्या जवळपास दुप्पट आहे. बोगद्यांची संख्या पाहता त्यात नवल नाही. धुराविना बोगदे हा लाभ या हिशेबात धरलेला नाही. लोको पायलट आणि बोगद्यांत काम करणारे रेल्वे कर्मचारी यांच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा असू शकतो.

ऊर्जा: तेल की कोळसा

विद्युत इंजिन धूर सोडत नाही, पण भारतातील सुमारे ७० टक्के वीज कोळशापासून तयार होते. औष्णिक केंद्रात कोळशातील ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते. वहनातील आणि इंजिनातील घट वजा केली की चाकांपर्यंत त्याहूनही कमी ऊर्जा पोहोचते. आधुनिक डिझेल यंत्र तेलातील सुमारे ४० टक्के ऊर्जेचे कार्य करते, आणि त्यातूनही जनित्र, मोटारी व पंखे यांचा वाटा वजा होतो. मूळ इंधनापासून चाकापर्यंतचा हिशेब केला तर दोन्ही प्रकारांची कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आगेमागे येते. 'विद्युत म्हणजे स्वच्छ' हे विधान म्हणूनच आज अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धे पुढील काळाशी निगडित आहे. डिझेल इंजिन त्याच्या तीस-पस्तीस वर्षांच्या आयुष्यात डिझेलच जाळणार. विद्युत इंजिन मात्र वीज कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची की सूर्याची हे पाहत नाही. वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी तेच जुने इंजिनही स्वच्छ होत जाते. शिवाय कोळसा देशात मिळतो, तर खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक भाग भारत आयात करतो. २०१८ च्या निर्णयामागे पर्यावरणाइतकाच, किंबहुना अधिक, आयातीचा विचार होता.

विजेचा दर हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. रेल्वेला दीर्घकाळ राज्यांच्या वीज कंपन्यांकडून चढ्या दराने वीज घ्यावी लागे. २०१५ नंतर रेल्वेने खुल्या प्रवेशाच्या तरतुदीखाली थेट वीजनिर्मिती कंपन्यांकडून खरेदी सुरू केली. त्याचा आरंभ महाराष्ट्रात झाला आणि ती वीज रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथील वायू-आधारित प्रकल्पाची होती. एके काळी महागड्या विजेमुळे राज्यभर वादग्रस्त ठरलेल्या प्रकल्पाला अशा रीतीने रेल्वे हे गिऱ्हाईक मिळाले.

लांब पल्ल्याच्या वातानुकूलित गाड्यांतही तारेचा एक अप्रत्यक्ष लाभ झाला. पूर्वी अशा गाड्यांच्या दोन्ही टोकांना डिझेल जनित्रांचे डबे असत आणि गाडीतील दिवे व वातानुकूलन त्यांवर चाले. आता बहुसंख्य गाड्यांत ही वीज विद्युत इंजिनामार्फत तारेतूनच पुरवली जाते. फलाटावर या डब्यांशेजारी उभे राहणे नकोसे करणारा आवाज त्यामुळे थांबला.

उंच तार

तारेविरुद्ध घेतला जाणारा एक जुना आक्षेप उंचीचा होता. कंटेनर एकावर एक ठेवून नेल्यास एकाच गाडीत दुप्पट माल जातो; पण नेहमीच्या उंचीवरील तारेखालून अशी गाडी जाऊ शकत नाही. अमेरिकेत डिझेल टिकून राहण्यामागे हेही एक कारण आहे. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर, म्हणजे दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर या सुमारे १,५०६ किलोमीटरच्या मार्गावर, भारताने यावर सरळ उपाय केला. तेथे संपर्कतार ७.५४ मीटर उंचीवर टांगण्यात आली आणि तिच्यापर्यंत पोहोचतील असे उंच पेंटोग्राफ इंजिनांवर बसवण्यात आले. या मार्गाच्या रेवाडी ते मदार टप्प्याचे लोकार्पण जानेवारी २०२१ मध्ये झाले, तेव्हा विद्युत इंजिनाने ओढलेली दुमजली कंटेनरगाडी त्यावरून धावली.

२०१८ चा निर्णय

२०१४ पर्यंत देशात सुमारे २१,८०० मार्ग किलोमीटर विद्युतीकृत होते. ते एकूण जाळ्याच्या साधारण एक तृतीयांश होते. सप्टेंबर २०१८ मध्ये उर्वरित सुमारे १३,६७५ मार्ग किलोमीटरचे विद्युतीकरण सुमारे १२,१३४ कोटी रुपये खर्चून करण्यास मंजुरी मिळाली. नियोजित विद्युतीकरणानंतर वर्षाला २८३ कोटी लिटर डिझेल आणि इंधनखर्चात १३,५१० कोटी रुपये वाचतील, असा सरकारी अंदाज होता. हे आकडे शेजारी ठेवून वर्षभरात खर्च फिटतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तारेखाली धावणारी नवी इंजिने हा वेगळा व मोठा खर्च असतो.

निर्णयावरील आक्षेपांत तीन प्रमुख होते. पहिला, घनतेच्या सीमेखालील शाखामार्गांचा. त्याचे उत्तर वर आले आहे, पण ते संपूर्ण उत्तर नव्हे, कारण काही मार्गांवरून दिवसाला मोजक्याच गाड्या जातात. दुसरा आक्षेप एकाच स्रोतावरील अवलंबित्वाचा. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील वीजजाळे कोसळले तेव्हा शेकडो गाड्या जागच्या जागी थांबल्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला तेव्हा उपनगरी सेवेची तीच गत झाली. चक्रीवादळात खांब आडवे झाले की रूळ शाबूत असूनही विद्युत गाड्या धावू शकत नाहीत, आणि दुरुस्तीचे सामान घेऊन जाणारी गाडीही डिझेलवरच न्यावी लागते.

तिसरा आक्षेप आधी केलेल्या गुंतवणुकीचा होता, आणि तो सर्वांत अवघड होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेने बिहारमधील दोन कारखान्यांसाठी एकाच वेळी करार केले. मधेपुरा येथे फ्रान्सच्या अल्स्टॉम कंपनीसह १२,००० अश्वशक्तीची ८०० विद्युत इंजिने आणि मढौरा येथे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकसह १,००० डिझेल इंजिने. अवघ्या तीन वर्षांत संपूर्ण विद्युतीकरणाचा निर्णय झाला आणि दुसऱ्या करारातील इंजिने ज्या काळासाठी मागवली होती तो काळच उरणार नाही, अशी स्थिती आली. २०१७ मध्ये करार रद्द होण्याची चर्चा झाली. अखेरीस तो कायम राहिला. जाळ्यावर तारा वाढत असताना तेथून नवी डिझेल इंजिने बाहेर पडत होती. पुढे या कारखान्याला परदेशी बाजार मिळाला. २०२५ मध्ये तेथून आफ्रिकेतील गिनी देशास इंजिने जाऊ लागली. वाराणसीचा कारखाना विद्युत इंजिने बनवू लागला आणि २०२० मध्ये त्याच्या नावातील 'डिझेल' हा शब्द जाऊन ते 'बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स' असे झाले.

सद्यस्थिती

२०२५ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक विद्युतीकृत झाले आहेत. मधेपुऱ्याचे डब्ल्यूएजी-१२ हे जोडइंजिन मे २०२० पासून मालगाड्या ओढत आहे. डिझेल इंजिनांकडे यार्डांतील शंटिंग, देखभालीच्या व अपघात-मदत गाड्या, आपत्तीसाठी आणि सामरिक गरजेसाठी राखीव ताफा आणि तारेपासून दूर असलेले मार्ग एवढे काम राहिले आहे. नेरळ-माथेरानसारख्या डोंगरी अरुंदमापी मार्गावर तार नाही. तेथील छोट्या गाड्या अजूनही डिझेल इंजिने ओढतात.